पहिल्या शब्दाने काय विचारायचे?

वर्डल या खेळात रोज एकच शब्द शोधायचा असतो. शब्द इंग्रजीतला, पाच अक्षरांचा, आणि संधी सहा. आपण एखादा शब्द टाकला की त्यातल्या प्रत्येक अक्षराला रंग मिळतो. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर हिरवा, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, शब्दात ते नसेलच तर करडा. दुसऱ्या संधीपासून या रंगांचा आधार असतो. पहिल्या संधीला कसलाच आधार नसतो. म्हणूनच संपूर्ण खेळात ही एकच खेळी अशी आहे, जिचा विचार आधीच करून ठेवता येतो, आणि एकदा केला की तो रोज उपयोगी पडतो. इतक्या छोट्या प्रश्नावर गणितज्ञ आणि संगणकतज्ज्ञ इतके का रमले, हे या प्रकरणात पाहू.

खेळाचा कर्ता जोश वॉर्डल हा मूळचा वेल्सचा आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा सॉफ्टवेअर अभियंता. खेळाचा पहिला आराखडा त्याने २०१३ मध्येच केला होता. पुढे त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दकोड्यांची आवड म्हणून त्याने तो पुन्हा हाती घेतला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो ९० जण खेळले. जानेवारीच्या सुरुवातीला खेळाडू तीन लाख झाले, आणखी आठवड्याभरात वीस लाखांच्या वर गेले, आणि ३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतल्याचे जाहीर केले.

या कथेतला आपल्या कामाचा तपशील वेगळाच आहे. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार निघाले. त्यातले निम्म्याहून अधिक कुणी कधी ऐकलेलेही नसतात. पलक शाह यांनी ते सगळे नजरेखालून घातले आणि ओळखीचे तेवढे बाजूला काढले. त्यातून उत्तरांची मूळ यादी झाली २,३१५ शब्दांची. खेळाडूने टाकलेला शब्द मान्य करायचा की नाही यासाठी मात्र १२,९७२ शब्दांची मोठी यादी ठेवली गेली. म्हणजे विचारता येतील असे शब्द जवळपास तेरा हजार, पण उत्तर होऊ शकतील असे त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पहिल्या शब्दाची सारी चर्चा या दोन याद्यांमधल्या फरकावर उभी आहे.

पहिला शब्दच उत्तर निघण्याची शक्यता २,३१५ मध्ये एक. ती सोडूनच द्यावी. पहिल्या शब्दाचे काम प्रश्न विचारण्याचे आहे, आणि चांगला प्रश्न तो, ज्याचे कोणतेही उत्तर आले तरी शक्यतांचा ढीग लहान होतो.

उदाहरणार्थ रेझ हा शब्द घ्या: आर-ए-आय-एस-ई. तो टाकल्यावर रंगांची एखादी पाच घरांची ओळ समोर येते. प्रत्येक घराला तीन रंग, म्हणजे कागदावर २४३ ओळी शक्य आहेत. त्यातल्या पाच कधीच येत नाहीत, कारण चार घरे हिरवी झाल्यावर पाचवे पिवळे होऊ शकत नाही, त्या अक्षराला जायला दुसरी जागाच उरत नाही. राहिल्या २३८. आता २,३१५ उत्तरांपैकी प्रत्येकाला विचारा की तू असतास तर रेझला कोणती ओळ मिळाली असती, आणि एकाच ओळीचे शब्द एका गटात टाका. असे १३२ गट पडतात. सर्वांत मोठा गट १६८ शब्दांचा, म्हणजे पाचही घरे करडी आली तरी २,३१५ वरून आपण एका फटक्यात १६८ वर येतो. सरासरीने पाहिले तर उरतात ६१. करडी ओळ पाहून बरेच खेळाडू खट्टू होतात. पण इंग्रजीतली पाच अत्यंत वापरातली अक्षरे उत्तरात नाहीत ही बातमी फार मोलाची आहे.

प्रश्नाचा असा कस मोजायची रीत क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये संदेशवहनाच्या गणितावरच्या आपल्या निबंधात घालून दिली. ज्या उत्तराने शक्यता निम्म्या होतात, त्याने एक बिट माहिती दिली असे मानायचे. चौथाई उरल्या तर दोन बिट, आठवा हिस्सा उरला तर तीन. २,३१५ शब्दांमधून एकावर येण्यासाठी सुमारे ११.२ बिट लागतात. रेझ हा शब्द सरासरी ५.९ बिटच्या आसपास देतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वाट पहिल्याच शब्दात सरते.

वर्डलच्या कितीतरी आधी हाच प्रश्न मास्टरमाइंड या रंगीत खुंट्यांच्या खेळाबाबत सुटला होता. सहा रंग, चार जागा, एकूण १,२९६ रचना. १९७७ मध्ये डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की कोणतीही रचना जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत सापडते, आणि त्यासाठी सुरुवात एका रंगाच्या दोन आणि दुसऱ्या रंगाच्या दोन खुंट्यांनी करावी. चार वेगळे रंग लावावेत असे आपल्याला सहज वाटेल. पण तसे केले तर दैव सर्वांत वाईट असताना ३१२ शक्यता उरतात, दोन-दोन लावल्यास २५६. कनुथने सर्वांत वाईट प्रसंग लक्षात घेऊन पहिली खेळी ठरवली. सरासरी चांगली हवी की वाईट दिवशीचे नुकसान कमी हवे, हे दोन वेगळे हेतू आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. वर्डलच्या चर्चेत लोक हा भेद सोडून देतात आणि मग वाद घालत बसतात.

आता अक्षरांकडे येऊ. इंग्रजीत ई सर्वाधिक वापरला जातो, हे छापखान्याच्या काळापासून ठाऊक आहे. मोर्सची संकेतलिपी घडत असताना खिळ्यांच्या संख्येवरून अक्षरांचा वापर मोजला गेला आणि ई ला सर्वांत आखूड खूण मिळाली, एकच टिंब. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर अक्षरे वापराच्या क्रमाने मांडलेली असत: ई, टी, ए, ओ, आय, एन, मग एस, एच, आर, डी, एल, यू. पुष्कळजण हाच क्रम डोक्यात ठेवून वर्डल खेळतात आणि तिथे फसतात. हा क्रम सलग मजकुराचा आहे. सलग मजकुरात ‘द’, ‘दॅट’, ‘दिस’ हे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे टी आणि एच वर चढतात. वर्डलच्या २,३१५ शब्दांमध्ये प्रत्येक शब्द एकदाच मोजला जातो, आणि मग क्रम होतो ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी. एच थेट चौदाव्या क्रमांकावर जातो. आर मात्र तिसरा येतो. या तिसऱ्या क्रमांकाकडे फार थोड्या खेळाडूंचे लक्ष असते.

ई २,३१५ पैकी १,०५६ शब्दांत आहे, म्हणजे जवळपास निम्म्या. प्रश्न म्हणून याहून चांगले अक्षर इंग्रजीत नाही, कारण ‘ई आहे का?’ याचे उत्तर हो येवो वा नाही, निम्मे शब्द बाद होतात. ए ९०९ शब्दांत आहे, आर ८३७ शब्दांत. जे-क्यू-एक्स-झेड यांच्याबद्दल विचारणे व्यर्थ, कारण उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येणार हे आधीच माहीत असते, आणि माहीत असलेली गोष्ट ऐकून कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही.

इथेच अद्यू या लाडक्या शब्दाचा विचार करायला हवा: ए-डी-आय-ई-यू. पाचपैकी चार स्वर एका दमात तपासून होतात म्हणून लोकांना तो आवडतो. न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या खेळाडूंचे डाव तपासले तेव्हा पहिला शब्द म्हणून सर्वाधिक वापरला जाणारा हाच निघाला. तरीही तो वरच्या दर्जाचा नाही. त्यातले ए आणि ई उत्तम आहेत, आय चालेल असा आहे, पण यू आणि डी यांच्यामागे दोन मौल्यवान घरे खर्ची पडतात. त्या जागी आर, टी, एल, एस यांपैकी दोन असते तर कितीतरी अधिक कळले असते. आणि स्वर कळले तरी शब्द कुठे कळतो? मध्ये ए आणि शेवटी ई एवढे समजले तर प्लेट, ब्लेड, ग्रेस, स्टेट, फ्लेम असे कितीतरी शब्द रांगेत उभे राहतात. शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो.

जागेचे महत्त्वही अक्षराइतकेच आहे. एस हे अक्षर ३६६ उत्तरांच्या आरंभी येते, पण शेवटी फक्त ३६ उत्तरांच्या. कारण सोपे आहे: शेवटी एस लावून होणारी साधी अनेकवचने उत्तरांच्या यादीत घेतलेलीच नाहीत. मोठ्या यादीत ती भरपूर आहेत, इतकी की तिथे एस आणि ई यांची संख्या जवळजवळ सारखी भरते. म्हणून अनेकवचनाने सुरुवात केली तर शेवटचे घर वाया जाते. ई चे उलटे आहे, तो ४२४ उत्तरांच्या शेवटी येतो. आता स्लेट, क्रेन, ट्रेस, क्रेट हे शब्द पाहा. चारही ई वर संपतात, चारांतही ए मधल्या घरात आहे. स्लेटमध्ये एस आरंभी आहे, उरलेल्या तिघांत आर दुसऱ्या जागी. तज्ज्ञांच्या याद्यांत हेच शब्द फिरून फिरून का येतात, हे आता उघड व्हावे.

मग सर्वांत चांगला कोणता? फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्रँट सँडरसन या गणितशिक्षकाने शॅननच्या बिटचा आधार घेऊन वर्डलवर एक चित्रफीत केली. ती लाखोंनी पाहिली आणि तिच्यात क्रेनचे नाव पुढे आले. लगेच दुसरी चित्रफीत काढून त्याने सांगितले की एकच अक्षर दोनदा येते तेव्हा रंग देण्यात आपल्या प्रोग्रॅममध्ये बारीकशी चूक होती, आणि क्रेन पहिला नाही. अखेर इतरांच्या संपूर्ण शोधांतूनही एकच शब्द वर आला: सॅलेट, एस-ए-एल-ई-टी, पंधराव्या शतकातल्या युरोपीय शिरस्त्राणाचे नाव. एमआयटीच्या दिमित्रिस बर्टसिमास आणि अलेक्स पास्कोव्ह यांनी त्याच वर्षी हे सिद्ध करून दाखवले. सॅलेटने सुरुवात करून पुढची प्रत्येक खेळी अचूक खेळली, तर मूळ यादीतले सगळे शब्द पाच प्रयत्नांच्या आत सापडतात आणि सरासरी ३.४२१ येते. याहून कमी सरासरी शक्य नाही.

इथे एक कोडे पडते. सॅलेट टाकल्यावर सरासरी ७१ च्या आसपास शब्द उरतात, रेझनंतर ६१. मग रेझ मागे का? उत्तर गटांच्या संख्येत आहे. रेझने १३२ गट पडतात, सॅलेटने १४८. दुसऱ्या खेळीत प्रत्येक गटातला फार तर एक शब्द अचूक सापडू शकतो. म्हणून जितके गट अधिक, तितके शब्द दुसऱ्याच प्रयत्नात हाती लागण्याची शक्यता अधिक. पहिला शब्द शक्यता किती घटवतो एवढेच पाहून चालत नाही, तो पुढच्या खेळीसाठी मैदान कसे सोडतो हेही पाहावे लागते. मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मात्र या क्रमवारीचे वजन किती, तेही समजून घ्यावे. अचूक खेळणाऱ्या यंत्राला सॅलेटने सुरुवात करून सारे २,३१५ शब्द सोडवायला एकूण ७,९२० प्रयत्न लागतात. क्रेनने सुरुवात केल्यास त्याहून दहाच्या आसपास अधिक. रोज एक शब्द या गतीने २,३१५ शब्दांना सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. सहा वर्षांत दहा प्रयत्नांचा फरक! एवढ्यासाठी आवडता शब्द सोडावा असे मी कुणाला सांगणार नाही. चांगल्या शब्दांच्या घोळक्यात शिरले की पुरे. त्यापुढे डाव ठरतो तो दुसऱ्या शब्दावर.

दुसऱ्या शब्दाचा एक नमुना पाहू. उत्तर थिंक आहे असे धरा: टी-एच-आय-एन-के. आपण रेझ टाकला. आय मधल्या घरात हिरवा, बाकी चारही करडी. बहुतेकांचा हात आता आपोआप मध्ये आय असलेल्या शब्दाकडे जातो. पण आयची जागा पक्की झालेली आहे, ती पुन्हा विचारून काय मिळणार? पाचही घरे नव्या अक्षरांना द्या. क्लॉथ टाका: सी-एल-ओ-टी-एच. टी आणि एच पिवळे येतात, बाकी तीन करडी. आता मध्ये आय हवा, टी आणि एच हवेत, आणि आर, ए, एस, ई, सी, एल, ओ यातले काही नको. नेहमीच्या शब्दांत दोनच उरतात: थिंक आणि थिंग. तिसऱ्या खेळीत थिंग टाका. तोच असेल तर डाव संपला. शेवटचा जी करडा आला तर थिंक. चौथ्या प्रयत्नात उत्तर निश्चित. क्लॉथ उत्तर असणे शक्यच नव्हते आणि तरीही तीच या डावातली सर्वांत चांगली खेळी होती.

खेळाच्या कठीण प्रकारात, ज्याला हार्ड मोड म्हणतात, ही मोकळीक नसते. मिळालेले प्रत्येक अक्षर पुढच्या शब्दात वापरावेच लागते. तिथे काही शब्दकुळे जीवघेणी ठरतात. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी कळली की लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट, एट असे एकामागून एक येत राहतात आणि प्रत्येक प्रयत्नात एकच बाद होतो. साध्या प्रकारात यावर तोड आहे. फर्न्स टाका: एफ-ई-आर-एन-एस. पाच अक्षरे, पाच उमेदवारांची पहिली अक्षरे. कोणते पिवळे वा हिरवे होते ते पाहा, एका खेळीत या पाचांचा निकाल लागतो. हार्ड मोड खेळणाऱ्याने मात्र सुरुवातीलाच असा शब्द घ्यावा, ज्यात आरंभी येणारी व्यंजने अधिक आहेत. त्याच्यासाठी पहिल्या शब्दाचे मोल खरोखरच जास्त आहे.

काहीजण दोन शब्द जोडीने ठरवून ठेवतात, रेझ आणि मग क्लाउट, किंवा स्लेट आणि मग क्रोनी. दहा वेगळी अक्षरे दोन खेळींत तपासून होतात. सकाळच्या घाईत हे सोयीचे आहे, पण दुसरा शब्द पहिल्याचे उत्तर न ऐकताच बोलतो, म्हणून मी याच्या बाजूचा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर दिलेले सारे आकडे मूळ यादीचे आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने यादीतले काही शब्द काढले, आणि नोव्हेंबर २०२२ पासून ट्रेसी बेनेट या संपादक म्हणून उत्तरे निवडू लागल्या. आता शब्द माणूस निवडतो, त्यामुळे शेवटच्या अंकापर्यंतची अचूकता उरली नाही. ढोबळ निष्कर्ष मात्र तसेच उभे आहेत, कारण इंग्रजी शब्दांची घडण कुणी संपादक बदलू शकत नाही.

वर्डल लोकप्रिय झाल्यावर अनेक भाषांत त्याची रूपे निघाली, मराठीतही निघाली. देवनागरीत पहिला प्रश्न हा की एका घरात काय ठेवायचे. इंग्रजीत २६ अक्षरे. आपल्याकडे चौतीस व्यंजने धरून प्रत्येकाची बाराखडी केली तर चारशेच्या वर अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. एवढ्यांतून नेमके ‘वि’ किंवा ‘ता’ लागणे अवघड, म्हणून व्यंजन जुळले पण काना-मात्रा चुकली याची वेगळी खूण देणे खेळ रचणाऱ्याला भाग पडते. अशी खूण मिळत असेल तर ‘कविता’ हा पहिला शब्द चांगला आहे: तीन वेगळी नेहमीची व्यंजने, तीन वेगळे स्वर. ‘बटाटा’ वाईट, कारण एक अक्षर दोनदा खर्च होते. आणि यादीत क्रियापदे त्यांच्या मूळ रूपात घेतली असतील, तर शेवटच्या घरातला ‘णे’ सर्वांत फलदायी प्रश्न ठरेल. घेतली नसतील तर तेच घर इंग्रजी अनेकवचनाच्या एस सारखे वाया जाईल. यादी कुणी आणि कशी केली, हे मराठीतही आधी विचारायला हवे.

उद्याच्या डावासाठी वाचकांना एवढेच सांगतो. स्लेट, क्रेन, ट्रेस, रेझ यांपैकी एक शब्द निवडा आणि काही महिने तोच ठेवा, म्हणजे त्यानंतर येणाऱ्या रंगांच्या ओळी ओळखीच्या होतील. आणि दुसरा शब्द टाकण्याआधी, उत्तर असू शकतील असे पाच-सहा शब्द कागदावर उतरवून त्यांना सर्वांत नीट वेगळे करणारा शब्द शोधा, मग तो स्वतः उत्तर नसला तरी चालेल.